हात लावू नका

मी गुदमरून मरायला टेकले होते, तेव्हा माझ्या गळ्यावरून माझी सासू बोलत होती. "घाबरू नका. रुग्णाला हात लावू नका. मदत येत आहे." आवाज असा गोड की वाटावं, आता बाई उद्याचं हवामान सांगतील आणि मग एखादं भावगीत लावतील. आणि माझी खरी सासू, हाडामासाची, माझ्यासमोर हातात ओवाळणीचं तबक घेऊन उभी होती. तोंड घट्ट मिटून.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर बाळंतपणात हिच्या डोक्यावर परिणाम झाला असं लोक म्हणतील. तसं म्हणणारे आमच्या घरात आधीच काही कमी नाहीत.

माझ्या सासूबाई, प्रभावती देवस्थळी, जन्मभर रेडिओवर निवेदिका होत्या. अजूनही नाशिकच्या भाजीबाजारात त्या "कोथिंबीर कशी दिली?" असं विचारतात आणि चार बायका वळून बघतात. माझा नवरा हृषीकेश, म्हणजे हृषी, 'सोबत' बनवणाऱ्या कंपनीत आहे. 'सोबत' तुम्हाला माहीत आहेच, तुमच्याही गळ्यावर असेल. कंपनीला विश्वासाचा आवाज हवा होता. हृषी म्हणाला, आमच्या घरीच आहे की. झालं, घराघरातल्या गळ्यांवर माझी सासू जाऊन बसली.

यंत्र वाईट नाही, हे आधीच सांगते. मला राग यंत्राचा नाही. गळ्यावर चिकटवायची एक पट्टी, बोटाच्या पेराएवढी. तिच्यात बारीक मायक्रोफोन असतात, ते श्वासाचा आवाज ऐकत राहतात. गिळताना गळ्याच्या स्नायूंत जे सूक्ष्म विजेचे झोत उठतात, तेही ती टिपते. या दोन्हींवरून तिला एक गोष्ट कळते, जी घरच्या माणसांना कळत नाही, की हा नुसता ठसका आहे की श्वासनलिका पूर्ण बंद झाली आहे. ठसका लागलेला माणूस खोकतो, आवाज करतो. म्हणजे हवा जाते आहे. त्याला खोकू द्यायचं. खरा धोका असतो तो गप्प माणसाला. घास अडकून वाट पूर्ण बंद झाली की खोकला येत नाही, बोलता येत नाही, ओरडताही येत नाही. माणूस सगळ्यांच्या देखत, अगदी शिस्तीत मरतो.

पट्टीला अशी शांतता ऐकू आली की ती कमरेच्या पट्ट्याला संदेश देते. पट्ट्यात बेंबीच्या वर एक पिशवी असते, ती दाबलेल्या वायूने झटक्यात फुगते आणि पोटाला आत आणि वर हिसका देते. फुफ्फुसातली हवा उसळते, घास बाहेर. एकट्या राहणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांचे जीव यामुळे वाचले. तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

पहिल्या वर्षी त्या आवाजात आणखी काही वाक्यं होती. पट्टा नसेल तर भोवतीच्या माणसांनी काय करायचं त्याची. "त्याला पुढे वाकवा. दोन खांद्यांच्या मध्ये, तळव्याच्या टाचेने, पाच वेळा जोरात मारा. निघालं नाही तर मागून कवेत घ्या. बेंबीच्या वर मूठ ठेवा, आत आणि वर ओढा. बाई गरोदर असेल तर पोटावर नको, छातीच्या मध्यावर." कंपनीला दरवेळी काहीतरी खटकायचं. 'टाचेने' नीट ऐकू येत नाही, 'जोरात' फार जोरात वाटतं. सासूबाईंनी ती वाक्यं इतक्या वेळा म्हटली की पोळ्या लाटताना त्या पुटपुटायच्या, "पाच वेळा जोरात मारा," आणि पोळीवर लाटणं आपटायच्या. मला तेव्हा त्याचाही राग यायचा. मला बऱ्याच गोष्टींचा राग येतो.

मग कंपनीच्या लक्षात आलं की भोवतीच्या लोकांनी पाठीत मारलं की पट्टीचा गोंधळ होतो. धपका तिला खोकल्यासारखा ऐकू येतो, तिला वाटतं सुटला माणूस, आणि ती पट्ट्याला थांबवते. यावर उपाय दोन होते. पट्टीला धपका आणि खोकला यांतला फरक शिकवायचा, किंवा माणसांना हात मागे बांधायला शिकवायचं. दुसरा स्वस्त होता. ती वाक्यं काढून टाकली आणि त्या जागी आलं, "हात लावू नका." विमावाल्यांनी ते उचललं. हात लावलात आणि काही झालं तर जबाबदारी तुमची. शाळांनी प्रथमोपचाराचा तास बंद केला. यंत्र आहे ना! पाचसहा वर्षांत आख्खं शहर हात कशासाठी असतात ते विसरलं.

आता माझं डोहाळजेवण.

मला सातवा महिना होता. पोट वाढलं की कमरेचा पट्टा काढून ठेवायचा असतो, तसं कंपनीच सांगते. त्यामुळे माझ्या अंगावर फक्त गळ्याची पट्टी होती. हिरवी साडी, फुलांची वाडी, सगळं यथासांग चाललं होतं. मग ते वाट्या झाकून ठेवायचं आलं. एका वाटीखाली पेढा, एका खाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी वाटी उचलली. काजूची बर्फी, चांगली जाड.

"मुलगी गं मुलगी!" शकूमावशी ओरडल्या. या सासूबाईंच्या धाकट्या बहीण, आग्रहात साऱ्या नात्यात पहिल्या.

"तोंड का पडलं तुमचं, मावशी?" मी म्हटलं. "मला मुलगीच हवी—"

"आ कर!" म्हणत त्यांनी आख्खी बर्फी माझ्या बोलत्या तोंडात कोंबली. सगळे हसले. मीही हसले. हसायला आत श्वास घेतला आणि बर्फी गेली ती सरळ श्वासाच्या वाटेत.

काय वाटतं सांगू? आपण दार उघडायला जातो आणि तिथे भिंत असते. मी श्वास ओढत होते आणि काही येत नव्हतं. बाहेर टाकायला बघत होते, तेही नाही. आणि माझी माणसं काय करत होती?

"ठसका लागला, ठसका लागला! वर बघ गं, वर बघ!" शकूमावशी माझ्या टाळूवर थापट्या मारायला लागल्या.

"माहेरची आठवण काढत असतील," कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा.

"पाणी द्या तिला!"

पाणी! बंद नळीत पाणी! मी पेला उडवून लावला. तेवढ्यात पट्टी बोलली आणि खोली एकदम गप्प झाली. "अडथळा पूर्ण आहे. पट्टा आढळला नाही. पथकाला कळवलं आहे. घाबरू नका. रुग्णाला हात लावू नका. मदत येत आहे."

मावशींनी टाळूवरचा हात चटका बसल्यासारखा काढला. सगळे एक पाऊल मागे सरले. माझ्याभोवती रिकामं वर्तुळ झालं, मध्ये मी आणि माझं पोट. मी हृषीकडे हात केला. तो दोन्ही हात अंगालगत धरून उभा होता, राष्ट्रगीताला उभं राहतात तसा. "येतायत, शलाका, येतायत," तो म्हणत होता. "घाबरू नकोस." पट्टीही तेच म्हणत होती. त्या दोघांचं छान जमलं होतं.

माझ्या डोळ्यांसमोर काळं यायला लागलं. मला माझं काही वाटलं नाही, शप्पथ. मला आत ती हललेली कळली, आणि असा संताप आला की त्या संतापानेच मी उभी राहिले असेन. मी तबकाला हात मारला. कुंकू, अक्षता, निरांजन, सगळं जमिनीवर.

त्या आवाजाने सासूबाई जाग्या झाल्या. त्यांनी मला मानेला धरून पुढे वाकवलं आणि बोलायला लागल्या. स्टुडिओतल्यासारखं, शब्द न शब्द स्वच्छ. "पुढे वाकवा. दोन खांद्यांच्या मध्ये. तळव्याच्या टाचेने." पहिला धपका बसला. गळ्यावरून त्याच म्हणत होत्या, "हात लावू नका." मागून त्याच म्हणत होत्या, "जोरात मारा." पाच धपके झाले, निघालं नाही. त्या मागून मला कवेत घेऊन म्हणाल्या, "बाई गरोदर असेल तर पोटावर नको. छातीच्या मध्यावर मूठ. सरळ मागे ओढा." सत्तरीच्या बाईच्या हातात एवढी ताकद असते हे मला माहीत नव्हतं. ओढलं, परत ओढलं, आणि बर्फी हृषीच्या बुटावर जाऊन पडली.

मी श्वास घेतला. तो आवाज भयंकर होता, गाय हंबरावी तसा. माझ्या आयुष्यात मी केलेला सगळ्यात सुंदर आवाज तोच.

पट्टी म्हणाली, "श्वास पूर्ववत. सोबत आहे ना, मग काळजी नको."

पथक त्यानंतर बऱ्याच वेळाने आलं. दवाखान्यात नेलं, बाळाचे ठोके ऐकवले, छातीवरचे वळ तपासले. सगळं ठीक होतं. हृषी माझ्या खाटेशी बसला होता.

"तू उभा होतास," मी म्हटलं. घशातून नीट आवाज निघत नव्हता, तरी म्हटलं.

"शलाका, पट्टी सांगत होती की—"

"पट्टी सांगत होती! मी काय सांगत होते?"

"तू काहीच बोलत नव्हतीस."

"अरे, तेच तर!"

तो रडला. मला दया आली नाही. अजून चारपाच महिने येणार नव्हती.

आणि पुढच्याच आठवड्यात तो कंपनीतून हसत आला, हातात जाहिरात. माझा हिरव्या साडीतला फोटो, डोहाळजेवणाचा. खाली लिहिलेलं, 'सोबतने वाचवले दोन जीव.' पट्टीच्या नोंदीत होतं ना: अडथळा ओळखला, पथकाला कळवलं, श्वास पूर्ववत. मध्ये काय झालं ते पट्टीला माहीत नव्हतं. तिला धपका आणि खोकला यांतला फरक कुठे कळतो?

"आईचं नाव त्यात कुठे आहे?" मी विचारलं.

"अगं, आवाज आईचाच आहे म्हणून लिहिलंय की खाली."

मी तो कागद फाडला. हाताशी आणखी काय आहे ते बघायला लागले, तेव्हा सासूबाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, "त्याला मारून काय होणार? मला साहेबांकडे घेऊन चल. मी ती वाक्यं परत म्हणून देते."

साहेब म्हणजे सामंत. हृषीचे वरिष्ठ, गोरेपान, गोड बोलणारे, सगळ्या बायकांना 'बाई' म्हणणारे. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला, सासूबाईंच्या पाया पडले. सासूबाईंनी सगळं समजावून सांगितलं. पट्टा नसला तर माणसं बघत बसतात. निदान गरोदर बायकांसाठी तरी ती वाक्यं परत घाला. मी आत्ताच म्हणते, स्टुडिओ खालीच आहे ना?

"बाई, तुम्हाला त्रासच नको," सामंत म्हणाले. "आता रेकॉर्डिंग लागत नाही. तुमच्या आवाजाचा साचा आमच्याकडे आहे. आम्ही लिहू ते तुमच्या आवाजात निघतं. हिंदीसुद्धा."

"मग ही वाक्यं लिहा."

"ते कायदेशीरदृष्ट्या अवघड आहे. उद्या कोणी पाठीत मारलं, बरगडी मोडली, तर?"

"माझी बरगडी मोडली असती तरी मी जिवंत असते," मी म्हटलं. "तुमचं ऐकलं असतं तर अख्ख्या बरगड्यांसकट गेले असते. तुम्ही तो फोटो कुठे लावणार होता?"

हृषीने माझ्या पायावर पाय दिला. सामंत हसले. काही लोकांचं हसू असं असतं की त्यापेक्षा शिवी बरी.

"आवाज माझा आहे," सासूबाई म्हणाल्या.

"होता, बाई. तुम्ही तो आम्हाला दिलात." अगदी मायेने म्हणाले.

परतताना सासूबाई गाडीत मागे बसल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी मेल्यावरसुद्धा मी लोकांना सांगत राहणार, हात लावू नका. माणसं मरत राहणार आणि मी गोड बोलत राहणार." मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. हृषी गाडी चालवत होता. त्याने वळून बघितलं नाही, पण पुढच्या वळणावर चुकीच्या बाजूला वळला. रोजचा रस्ता असून.

मुलगी झाली. बर्फी खरी ठरली म्हणून शकूमावशी मिरवत फिरल्या. बर्फी म्हणे! तोंड उघडलं की मी त्यांच्याकडे अशी बघायचे की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या.

बारशाला हृषीने सामंतांना बोलावलं. मला न विचारता. चांदीचे वाळे घेऊन आले. नाव ठेवून झालं, पाळण्याची गाणी झाली, घुगऱ्या वाटल्या, पानं मांडली. आता एक गंमत सांगते, जी कंपनीच्या कुठल्याही हुशार माणसाला सुचली नव्हती. आपल्याकडची माणसं जेवायला बसताना काय करतात? पट्टा सैल करतात. ज्या घटकेला पट्टा लागायचा, नेमका त्याच घटकेला तो ढिला. सामंतांनीही केला, मी बघितलं. दोन वाट्या मठ्ठा झाला, आग्रह झाला, आणि ते कोणाला तरी नव्या मॉडेलबद्दल सांगत असताना आख्खा गुलाबजाम तोंडात टाकून बोलतच राहिले.

मग बोलायचे थांबले.

दोन्ही हात गळ्याकडे गेले. चेहरा आधी लाल, मग जांभळट. पट्टा फुस्स करून फुगला आणि शर्टाखालून वर सरकून काखेत जाऊन बसला. पट्टी म्हणाली, माझ्या सासूच्या आवाजात, "अडथळा पूर्ण आहे. पट्टा बसलेला नाही. पथकाला कळवलं आहे. घाबरू नका. रुग्णाला हात लावू नका."

पंगत उठून मागे सरली. पुन्हा तेच रिकामं वर्तुळ.

माझ्या मांडीवर मुलगी होती. मी खरं सांगते आणि त्याची मला लाज वाटत नाही: एक क्षणभर मला वाटलं, ऐकू दे. ऐकू दे याला, किती गोड आवाज आहे ते. मग त्याचे डोळे दिसले. ते साहेबाचे नव्हते, कोणाचेही असते. मी मुलीला शकूमावशींच्या ओटीत टाकलं आणि उठले, पण माझ्या आधी आवाज आला.

"हृषी! बघत काय उभा राहिलास? पुढे वाकव त्यांना!"

सासूबाई वाढता वाढता थांबल्या होत्या, हातात मठ्ठ्याचं भांडं. हृषी सामंतांच्या शेजारीच उभा होता, हात अंगालगत. "हात लावू नका," पट्टी म्हणाली. "हात लाव!" आई म्हणाली. एकच आवाज आणि दोन हुकूम. लोक आळीपाळीने गळ्याकडे आणि सासूबाईंकडे बघत होते. त्यांना कळेना, यातल्या खऱ्या प्रभावतीबाई कोणत्या.

हृषीला कळलं. कारण पट्टीला सगळं येत होतं, हिंदीसुद्धा येत होतं, पण रागावता येत नव्हतं. आणि आईचा राग त्याला गृहपाठाच्या दिवसांपासून ओळखीचा होता.

"खांद्यांच्या मध्ये! टाचेने! अरे, जोरात, गोंजारतोस काय!"

पाच झाले. "आता मागून धर! बेंबीच्या वर मूठ! आत आणि वर!" हृषीने साहेबांना मागून कवेत घेतलं आणि हिसका दिला, परत दिला. गुलाबजाम उडून पानावर पडला. सामंतांनी श्वास ओढला, अगदी माझ्यासारखा. हंबरल्यासारखा.

आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पोटाला हिसके बसलेत, डॉक्टरांना दाखवायला हवं, सासूबाई सांगत होत्या. सगळ्यांचं त्यांच्याकडे लक्ष होतं. ते हृषीकडे बघून काहीतरी म्हणायला लागले. हृषी वाकला.

"पट्टीने," सामंत धापा टाकत म्हणाले, "लगेच ओळखलं, नाही का?"

हृषीने आपले तळवे बघितले. लाल झाले होते. मग त्याने शांतपणे हात पुढे केला, सामंतांच्या गळ्यावरची पट्टी सोलून काढली आणि त्यांच्याच पानात, चटणीच्या शेजारी ठेवली. स्वतःच्या गळ्यावरची काढली, तीही तिथेच. आणि माझ्याकडे वळला. मी मान डोलावली. एवढंच. सगळं एका दिवसात होत नाही.

गळ्यावरून सुटलेल्या सामंतांच्या पट्टीला श्वास ऐकू येईना. तिला वाटलं, माणूस अजून गुदमरतोय. ती चटणीच्या शेजारून बोलायला लागली, "घाबरू नका. रुग्णाला हात लावू नका. मदत येत आहे. घाबरू नका. रुग्णाला—"

"अगं मेले, गप्प बस!" सासूबाई ओरडल्या आणि मठ्ठ्याचं भांडं तिच्यावर पालथं केलं.

ती बुडबुडत गप्प झाली. सासूबाईंनी पदराने हात पुसले आणि पंगतीकडे बघितलं.

"जेवण थांबवा," त्या म्हणाल्या. "हात धुऊन या सगळे आणि दोघंदोघं उभे राहा, शिकवते. शकू, तू आधी."